घेणाऱ्याची नम्रता



नम्रता हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. अर्जाच्या शेवटी आपण ‘आपला नम्र’ असे लिहितो आणि अर्ज नामंजूर झाला की साहेबाच्या नावाने बोटे मोडतो. सभेत एखादे गृहस्थ उभे राहतात, “मी आपला एक साधा कार्यकर्ता आहे हो,” असे म्हणतात आणि पुढे पाऊण तास ध्वनिक्षेपक सोडत नाहीत. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या मंडळ्यांतही ह्याहून निराळे घडते असे नाही. प्रार्थनेत स्वतःला धुळीचा कण म्हणवून घेणारा सद्गृहस्थ, उपासना संपल्यावर, आपल्या नेहमीच्या बाकावर दुसरा कोणी का बसला म्हणून चार दिवस अबोला धरू शकतो. तेव्हा तोंडाने उच्चारलेली नम्रता ही खरी नम्रता मोजण्याचे माप नव्हे, हे तुम्हांला मला पटण्यासारखे आहे.

मग माप कोणते? देवळात किंवा व्यासपीठावर न दिसणारी, पण रोजच्या घरात, शेतात, कचेरीत, दवाखान्यात दिसणारी अशी नम्रतेची कसोटी कोणती? ख्रिस्ती जीवनाच्या संदर्भात ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे मी योजले आहे. तथापि, हा विषय एका धर्माच्या माणसांपुरता नाही. पाणी, पंगत, पाहुणा आणि मानपान ह्या गोष्टी साऱ्या वऱ्हाडाच्या परिचयाच्या आहेत, आणि माझे बरेचसे बोलणे त्यांच्याचविषयी आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. वल्हांडणाचा सण जवळ आला आहे. येशू आपल्या शिष्यांसह जेवावयास बसला आहे. जेवण चालू असताना तो उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसू लागतो.

ह्या कृतीचा अर्थ आपल्या मुलखात फारसा फोड करून सांगावा लागत नाही. कामरगावसारख्या गावात उन्हातून पाहुणा आला की दारात त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवतात. पाय ज्याचे तो धुतो. दुसऱ्याच्या पायांना हात लावून ते धुणे ही निराळी गोष्ट आहे. लग्नात वधूचा बाप जावयाचे पाय धुतो, तेव्हा मांडवातल्या लहान पोरालासुद्धा कळते की आज कोणाची बाजू वरची आणि कोणाची खालची. येशूने ही वरची आणि खालची बाजू उलटी केली. गुरू खाली बसला आणि शिष्यांचे पाय त्याच्या हातांत आले.

ह्या प्रसंगावर प्रवचने पुष्कळ होतात, आणि त्यांतून बहुधा एकच बोध काढला जातो : आपणही दुसऱ्याचे पाय धुवावे, म्हणजे दुसऱ्याची सेवा करावी. बोध खरा आहे. येशूने स्वतःच तो सांगितला आहे. परंतु त्याच प्रसंगात पेत्र नावाचा एक शिष्य आहे, आणि त्याच्याकडे आपले म्हणावे तितके लक्ष जात नाही. पेत्राची पाळी येते, तेव्हा तो पाय मागे घेतो. तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत, असा त्याचा हट्ट असतो. हाच पेत्र इकडचा असता तर म्हणाला असता, “राहू द्या नं जी, तुम्ही काहून त्रास घेता? मीच धुतो.” ऐकणाऱ्याला ही मोठी नम्रता वाटली असती. पण येशूला ती तशी वाटली नाही. मी तुझे पाय धुतले नाहीत तर तुझा माझ्याशी काही संबंध उरणार नाही, ह्या अर्थाचे कडक उत्तर त्याने पेत्राला दिले.

येथे थोडे थांबण्यासारखे आहे. पेत्राला सेवा करण्याची अडचण नव्हती. गुरूचे पाय धुवायला सांगितले असते, तर तो धावत गेला असता. त्याची अडचण सेवा घेण्याची होती. माझ्या आजच्या सांगण्याचे सार एवढेच आहे : देणाऱ्याच्या नम्रतेपेक्षा घेणाऱ्याची नम्रता कठीण आहे, आणि नित्याच्या जीवनात आपली कसोटी लागते ती बहुधा घेण्याच्या वेळी.

असे का व्हावे? कारण साधे आहे. देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. आपण शेजाऱ्याला पायलीभर ज्वारी दिली की आपल्याला बरे वाटते. पण त्याच शेजाऱ्याकडून ज्वारी आणण्याची वेळ आली, तर रात्री अंधारात जावेसे वाटते. सेवेत गोडी असते, आणि त्या गोडीत कळत नकळत थोडा तोराही मिसळतो. “मी ह्या लोकांसाठी एवढे केले” हे वाक्य ज्याच्या मनात एकदाही आले नाही, असा सेवक विरळा.

आमच्या ख्रिस्ती समाजाला ह्या धोक्याची विशेष जाणीव असली पाहिजे, कारण त्याच्या नावाशी सेवेची कामे जोडलेली आहेत. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ साली सुरू झाले. नाझरीन मिशनच्या डॉ. ऑर्फा स्पायकर ह्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी ते उभे केले. त्या काळी वाशीम हे अकोला जिल्ह्यातले गाव होते. वाशीम जिल्हा पुढे १९९८ साली झाला. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायाबापड्यांना असा दवाखाना जवळ असणे म्हणजे केवढा आधार, हे ज्यांनी बैलगाडीतून रोगी नेले आहेत त्यांना विचारावे. त्या सेवेचे मोल कोणी कमी करू नये. परंतु दवाखान्यात नम्रता फक्त परिचारिकेलाच लागते असे नाही. रोग्यालाही ती लागते. दोन वेळा जेवू घालणारा, दहा माणसांना कामावर सांगणारा कर्ता पुरुष खाटेवर पडतो आणि एक वीस वर्षांची अनोळखी मुलगी त्याचे अंग पुसते, त्याला कुशीवर वळवते. त्या घडीला जो चिडत नाही, खेकसत नाही, आणि “बाई, तुझे उपकार झाले” असे मनापासून म्हणू शकतो, तो पेत्राचा धडा शिकला असे समजावे. आपण जोवर धडधाकट असतो, तोवर हा धडा आपल्याला दुसऱ्याचा वाटतो. म्हातारपण आले की तो प्रत्येकाच्या दारात येतो.

स्वतः येशूचे चरित्र ह्या दृष्टीने वाचले, तर एक गोष्ट ध्यानात येते. तो जितका देणारा होता, तितकाच घेणाराही होता. लोकांना उपदेश करायला त्याने पेत्राची नाव मागून घेतली. यरुशलेमेत शिरताना त्याने गाढवाचे शिंगरू मागून आणविले. त्याच्या फिरतीत काही स्त्रिया आपल्या पैशाने त्याचा आणि शिष्यांचा खर्च भागवीत, असे लूक सांगतो. मरणानंतर त्याला ठेवले ती कबरही दुसऱ्याची होती. शिष्यांचे पाय धुण्याच्या थोडे दिवस आधी बेथानी गावात मरियेने त्याच्या पायांना मोलाचे सुगंधी तेल लावले, तेव्हा जवळच्यांनी नापसंती दाखविली. पण त्याने ते प्रेम स्वीकारले. स्वतःचे पाय पुढे करणे ज्याला जमले होते, त्यानेच पुढे दुसऱ्यांचे पाय हातांत घेतले.

आणि सर्वांत बोलका प्रसंग विहिरीवरचा आहे. भर दुपारी थकलेला येशू शोमरोन प्रांतातल्या एका विहिरीपाशी बसला होता. यहुदी लोक शोमरोनी लोकांशी भांड्याचाही व्यवहार ठेवीत नसत. तेथे पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईजवळ त्याने प्यायला पाणी मागितले. ती बाई चकित झाली. तिला उपदेश करणारे, तिच्यावर दया दाखविणारे कदाचित दुसरेही भेटले असते. पण तिच्या हातचे पाणी मागणारा यहुदी पुरुष तिने पाहिला नव्हता. दयेने माणूस सुखावतो, पण आपल्या हातचे कोणी मागून घेतले म्हणजे तो मोठा होतो. हा फरक विहिरीवर कोण कोठे उभे राहील ह्याचे नियम पाळणाऱ्या आपल्या देशाला चांगला कळायला हवा.

तो फरक महाराष्ट्रात एका बाईने आपल्या जिवावर अनुभवला. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. १८६८ साली त्यांचा जन्म झाला, एका कर्मठ ब्राह्मण घरात. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हसावे की रडावे ते कळत नाही. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, ह्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची दोन शकले झाली. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, पण आपला स्वयंपाक आणि आपले पाणी वेगळे ठेवून. पतीवर प्रेम होते, त्याच्यासाठी कष्ट सोसण्याची तयारी होती. दुसऱ्याला खाऊ घालण्यात तर त्या कधीच मागे नव्हत्या. घोडे अडले होते ते दुसऱ्याच्या हातचे घेण्यापाशी.

पुढे हळूहळू त्यांच्या मनाने घेतले की जात ही माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे. आणि एकदा हे पटल्यावर त्यांनी अर्धेमुर्धे काही ठेवले नाही. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे, असे ठरविले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ह्या क्रमाकडे लक्ष द्यावे. बाप्तिस्म्याच्या पाण्याआधी माणसाच्या हातचे पाणी आले. त्यांच्या बाबतीत ख्रिस्ती जीवनाचा दरवाजा उघडला तो एखाद्या मोठ्या सिद्धांताने नव्हे, तर हात पुढे करून पेला घेण्याने. शाळेत कधी न गेलेल्या ह्या बाईंनी पुढे पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुरे केले, आणि १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त आपल्या सोवळ्याची, भीतीची आणि फजितीची हकिकत अशा मोकळेपणाने सांगितली की मराठी गद्यात तिला तोड नाही. स्वतःवर हसणे हेही एक घेणेच आहे. दुसऱ्याने आपल्याला हसण्याचा हक्क आपण मान्य करतो.

आता एक आक्षेप तुमच्या मनात आला असेल, आणि तो फार मोलाचा आहे. तुम्ही म्हणाल, “प्राध्यापकमहाशय, हे वरच्या पायरीवरून खाली उतरणाऱ्यांचे झाले. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खालच्याच पायरीवर बसविले, त्यांना नम्रता काय शिकविता? घेणे तर त्यांच्या कपाळी मारलेलेच होते. ओंजळ पुढे करायची आणि वरून कोणी पाणी ओतायचे, हेच त्यांचे जिणे होते.”

आक्षेप खरा आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहिले अशांची संख्या मोठी आहे. घराघरांतल्या स्त्रियांची गोष्टही ह्याहून फार वेगळी नाही. अशांना, ‘वाका, अजून वाका’ असे सांगणे हे धर्माचे काम नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर लाखो माणसांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा विदर्भातल्या खेड्यापाड्यांत माना ताठ झाल्या. त्या ताठ मानेला उद्धटपणा म्हणणारेही तेव्हा होते. नम्रतेच्या नावाखाली दुसऱ्याकडून लाचारी वसूल करणे हा फार जुना धंदा आहे, आणि त्यापासून ख्रिस्ती संस्थाही सुटलेल्या नाहीत.

पण योहानाने पाय धुण्याचा प्रसंग सांगताना आरंभीच एक गोष्ट नमूद केली आहे. आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, आणि पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, हे येशूला पुरते ठाऊक होते; आणि हे ठाऊक असून तो उठला, असा त्या वर्णनाचा क्रम आहे. आधी स्वतःची ओळख, मग रुमाल. ज्याला आपली किंमत माहीत आहे, तोच न दबता वाकू शकतो. ज्याची किंमत दुसऱ्याने हिरावून घेतली आहे, त्याचे वाकणे ही नम्रता नव्हे, तो मार आहे. दोघांची पाठ सारखीच वाकलेली दिसते, म्हणून आपली फसगत होते. ओंजळीत वरून ओतलेले पाणी आणि पेल्याने हातोहात दिलेले पाणी, दोन्ही पाणीच. पण पहिल्यात घेणारा लहान होतो, दुसऱ्यात देणारा आणि घेणारा एका पायरीवर येतात. मी ज्या घेण्याविषयी बोलतो आहे ते हे दुसरे.

हा भेद आपल्या आयुष्यात नीट सांभाळणारी व्यक्ती म्हणून पंडिता रमाबाईंचे नाव घेतले पाहिजे. संस्कृतातल्या त्यांच्या विद्वत्तेबद्दल १८७८ साली कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळाल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. तेथे एक वाद उपस्थित झाला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही? हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. धर्ममतांविषयीही रमाबाई प्रश्न विचारीत. पटल्याशिवाय मान डोलवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ज्यांनी त्यांना आसरा दिला त्या धर्मभगिनी जेराल्डिन ह्यांना हा रमाबाईंचा गर्व वाटला, आणि नम्र होण्याचा उपदेश त्यांनी पत्रांतून केला. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना दिसते की रमाबाई उपकार विसरल्या नाहीत, प्रेमाची भाषाही त्यांनी सोडली नाही. परंतु उपकाराच्या मोबदल्यात आपली सद्‌सद्‌विवेकबुद्धी द्यायला त्या तयार नव्हत्या. हातचे घेतले, पण मन गहाण ठेवले नाही.

ह्याच ‘गर्विष्ठ’ बाईंनी पुढे काय केले ते पाहा. मुंबईला १८८९ साली त्यांनी शारदा सदन काढले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून अनाथ मुली आणि विधवा गोळा केल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन वाढले. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. शास्त्र्यांची सभा जिंकलेली ही बाई. तिने ठरविले असते तर असे संस्कृतप्रचुर मराठी लिहिले असते की विद्वानांनी माना डोलवाव्या. तिने उलट केले. आधीच्या भाषांतरांतले जड शब्द बाजूला सारून, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा बोलीजवळच्या मराठीत तिने शास्त्र उतरविले. त्या कामात मुक्ती सदनातल्या स्त्रियांचे हात होते. टाइप जुळविणे, छापणे हे त्याच करीत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि ते बायबल १९२४ साली बाहेर पडले.

विद्वान माणसाने आपले शब्द खाली ठेवणे ही नम्रतेची फार अवघड तऱ्हा आहे, असे आम्हां शिक्षकीपेशातल्या लोकांना तरी वाटले पाहिजे. आणि त्यातही घेणे आहेच. साधी भाषा लिहायची तर ती साध्या माणसांकडून घ्यावी लागते. ज्या बायकांना अक्षर येत नाही, त्यांचे बोलणे कान देऊन ऐकावे लागते. ज्यांना वाचवायला रमाबाई गेल्या, त्यांच्याच बोलीपाशी त्यांना हात पसरावा लागला असला पाहिजे.

वऱ्हाडातल्या श्रोत्यांना येथे आपल्या गाडगेबाबांची आठवण झाली असेल. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीनजीक देह ठेवलेले बाबा ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना कोणत्याही पंथाच्या खुंटीला टांगू नये. पण खराटा हाती घेऊन आधी गाव झाडायचे आणि मग भाकरी मागायची, ही त्यांची रीत पाहा. ते मागत होते, पण लाचार नव्हते. देत होते, पण दात्याचा तोरा नव्हता. आणि कोणी पाया पडायला आला, तर त्यांना ते खपत नसे. घेणे आणि देणे ह्यांची इतकी सरळ वाटणी आपल्या मातीतल्या माणसाने आपल्या डोळ्यांदेखत केली आहे.

एक परदेशातले उदाहरण देतो आणि मग आपल्या घराकडे वळतो. २८ मार्च २०१३ रोजी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, नुकतेच निवडून आलेले पोप फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि त्यांनी बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. जगभर त्याची छायाचित्रे छापली गेली, आणि सर्वांनी पोपची नम्रता वाखाणली. ती वाखाणण्यासारखी होतीच. माझ्या मनात मात्र विचार येतो तो त्या बारा पोरांचा. चुकलेल्या, पकडलेल्या, जगाने ओवाळून टाकलेल्या त्या पोरांनी आपला पाय पुढे केला. “मी ह्या लायकीचा नाही” असे म्हणून मागे घेतला नाही. ‘मी लायक नाही’ हे वाक्यही कधी कधी अहंकाराचे असते. आपली लायकी ठरविण्याचा हक्क आपण त्यात देवाकडून काढून घेतो.

आता नित्याचे बोलू. घेण्याची ही नम्रता रोज कोठे लागते?

पहिली जागा घर. नवरा दिवसभर कामावर राबून येतो, बायकोला पैसे आणून देतो, आणि तो देणारा आहे असे सारे घर धरून चालते. त्याला गरम भाकरी मिळते, धुतलेले कपडे मिळतात, ते मात्र कोणी दिले असे मोजले जात नाही. घेतले आहे हे ओळखणे ही घेण्याची पहिली पायरी. जेवताना देवाचे आभार मानण्याची चाल ख्रिस्ती घरांत आहे. ती चांगली आहे. पण देवाचे आभार मानून ज्याला भाकरीत मीठ कमी म्हणून ताट सरकवता येते, त्याने ती प्रार्थना छताला सांगितली. देवाची भाकरी चुलीपाशी बसलेल्या माणसाच्या हातून येते, आणि आभाराचा अर्धा वाटा तेथे पोचला पाहिजे.

दुसरी जागा मंडळी. उपासनेनंतर चहा कोण करते, सतरंज्या कोण घालते, आणि वडिलांच्या सभेत कोण बसते, एवढे पाहिले की त्या मंडळीतली नम्रता कळते. मोठ्या हुद्द्यावरचा मनुष्य एके दिवशी सतरंजी घालतो, तेव्हा आपण कौतुक करतो. पण सतरंजी घालणाऱ्या माणसाने सभेत सूचना केली, तर ती आपण ऐकून घेतो का? तिच्यावर विचार करतो का? प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीचे तुकडे आपण सारे घेतो. त्या मेजावर कोणी यजमान नाही, सारे पाहुणे. आणि तेथून घरी गेल्यावर सोयरीक जुळविताना, “पण ते मूळचे कोण?” असा हलक्या आवाजात प्रश्न येतो. हा प्रश्न महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत अजून विचारला जातो, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. लक्ष्मीबाईंनी जो पेला घेतला, तो सव्वाशे वर्षांनंतरही काही घरांत ओठांपर्यंत आलेला नाही. दुसऱ्याच्या मुलाला मदत करणे, त्याची फी भरणे आम्हांला जमते. त्या घरची मुलगी सून म्हणून घेणे जमत नाही. देणे आणि घेणे ह्यांतला फरक इतका सरळ दुसरीकडे कोठे दिसणार नाही.

तिसरी जागा आपले काम. शेतावर सालदार म्हणतो, “मालक, औंदा ह्या वावरात तूर नको, पाणी साचते.” त्याला जमिनीची माहिती मालकापेक्षा अधिक आहे. मालकाला ते कळतेही. तरी तो तूर पेरतो, कारण सालदाराचे ऐकले असे दिसायला नको. कचेरीत शिपायाला कागद कोठे अडला ते ठाऊक असते, साहेब त्याला विचारीत नाही. वर्गात विद्यार्थी फळ्यावरची चूक दाखवितो, आणि शिक्षक तिचे समर्थन करण्यात पंधरा मिनिटे घालवितो. तिन्ही ठिकाणी नुकसान होते ते नम्रता नसलेल्याचेच. तूर सडते, कागद अडतो, चूक राहते. नम्रता हा केवळ परलोकीचा सद्‌गुण आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ह्या हिशेबाकडे पाहावे.

चौथी जागा भांडण. क्षमा करणे मोठेपणाचे आहे, असे आपण मुलांना शिकवितो. क्षमा करणारा पुन्हा देणाराच, त्याचा हात वरच. समोरच्याने केलेली क्षमा घेणे मात्र जड जाते. भावाभावांत धुऱ्यावरून वाद होतो. धाकटा सणाला आपण होऊन थोरल्याच्या घरी येतो, “दादा, झालं गेलं जाऊ द्या,” म्हणतो. थोरला मनातून सुखावतो, पण उठून दार उघडत नाही, “त्याने मला क्षमा करावी असे मी काय केले?” हा काटा सलत राहतो. येथे पेत्राचा पाय पुन्हा मागे गेला. एवढा पाय पुढे करता आला असता, तर दोन घरांची चूल एका सणापुरती तरी एक झाली असती.

ह्या चारही जागी करावयाचे काय, असे कोणी विचारील, तर माझ्याजवळ मोठी साधना नाही. दिवसातून एकदा तरी कोणाकडून काही घ्यावे आणि घेतले असे म्हणावे : एक पेला पाणी, एक सल्ला, एक दुरुस्ती, एक क्षमा. शक्य असेल तर ते अशा माणसाकडून घ्यावे, ज्याला आपण आजवर फक्त देत आलो. देताना आपण चांगले दिसतो की नाही हे जग सांगेल. घेताना आपण कसे दिसतो हे देणाऱ्याच्या चेहऱ्यावर कळते. तो चेहरा जर ताठ झाला, उजळला, बरोबरीचा झाला, तर समजावे की आपल्या घरात नम्रता आली आहे. तिचे नाव तोंडाने काढण्याची मग गरज राहत नाही.